रबरी नळीचं टोक

हॅलो?… हो, बोल बारके. रिपोर्ट लिहीत होते, पण तू बोल.

…हो, बघितला बाबांचा स्कॅन. सकाळीच… अगं ऐक ना, आधी खाली बस. धापा टाकते आहेस.

…कोण आलंय? बर्नर विकत घ्यायला? आजच?… आणि बाबा काय करतायत?… पुसून देतायत. वाटलंच. काच फुंकायचा कारखाना बंद करतानाही बर्नरचं पितळ चकचकीत हवं.

…त्या माणसाला चहा दे. बसवून ठेव.

…हो, हो, न्यूमोनिया बरा झाला. ताप गेला, विषाणू गेला. पण फुप्फुसांत खालच्या बाजूला धुरकट डाग आहेत. काही डाग विरतात, काहींचे व्रण होतात. व्रण झाला की तेवढा भाग नीट फुगत नाही… तेच तर. कुठला डाग विरेल आणि कुठला राहील, याचाच अंदाज आमचा प्रोग्रॅम करतो.

…आईला सांग, ज्योतिषी नाही मी. स्कॅन बघते.

…चालवला ना. बाबांच्या स्कॅनवरही चालवला.

…अशा शंभर जणांत साठेक जणांना व्रण राहतात… हो, साठ. बाबा त्या साठांत की उरलेल्या चाळिसांत, ते प्रोग्रॅमला कळत नाही. मलाही नाही.

…डोळे पूस. आई बघेल.

…कुठला, काचेचा हंस? आहे ना, माझ्या टेबलावर. मान एकदा तुटली होती, चिकटवली… हो, बाबांनी उरलेल्या काचेच्या नळ्यांचा केलेला. आपण दोघी स्टुलावर, रबर तापल्याचा वास, आणि बाबांचा तो जांभळा चष्मा… तू तर गाल फुगवायचीस बेडकासारखे. एकदा इतक्या जोरात फुंकलंस की फुगा फुटला. बाबा ओरडले नाहीत. म्हणाले, ‘बाई, काच आहे ती, भोंगा नाही.’

…थांब. बारके, थांब जरा. फोन दे बाबांना.

…बाबा? सावकाश बोला… नाही, लपवत नाही. बारकीला सांगितलं तेच. साठ… हो, म्हणजे चाळीसही. तीन महिन्यांनी पुन्हा स्कॅन काढू. तोवर काही विकायचं नाही.

…फुंकायचं नाही, ते बरोबर. अजिबात नाही… मग काय उपयोग? बाबा, प्रयोगशाळांचे ते लांब काचेचे कंडेन्सर करताना फुंकायची रबरी नळी कोणाच्या तोंडात असायची?… तुमचे दोन्ही हात काचेला. काचेला एक टोक, दुसरं आमच्याकडे. तुम्ही नुसतं म्हणायचात, ‘हळू… अजून थोडं… बास.’

…लहान होतो म्हणून खेळ होता? चार फ्लास्क आमच्या श्वासावर प्रयोगशाळेत गेले, त्याचं काय?

…रविवारी येते. रजा टाकली आहे… नाही, दया नाही. मला ते पुन्हा करायचंय. किती दिवस झाले, कुणी मला ‘हळू’ म्हणालं नाही.

…व्रण राहिले तर? राहिले तर नळी आमच्याकडे. काच तुम्ही फिरवायची.

…हां, आहे मी. घ्या श्वास. मला घाई नाही.

…तो माणूस गेला? चहा तरी प्यायला ना?

…हा कसला आवाज?… बर्नर परत टेबलाला आवळताय? बारकीला करू द्या ना, ते स्क्रू घट्ट आहेत…

…बरं. तुम्हीच करा. ठेवते.