तक्त्यातली रिकामी जागा

कॉलेजात मला पैकीच्या पैकी मार्क एकदाच पडले, तेही रिकाम्या रकान्याला. आयटीचं पहिलं वर्ष होतं. सरांनी घरच्या धंद्याचा तक्ता कॉम्प्युटरवर करायला सांगितलेला. आमची मासेमारीची बोट. मी तारीख, मासळी, वजन सगळं भरलं, पण मासे कुठे मिळाले ते लिहिलंच नाही.

"मुख्य रकानाच रिकामा? नापास करू?" सरांनी विचारलं.

मी ठणकावून सांगितलं, "सर, बाबा म्हणाले, मासळी खंय गावता ता सरांका सांगूक हरकत नाय. पण सरांच्या भावाची पण बोट आसा."

वर्ग हसला. सर मात्र विचारात पडले. मग मार्क लिहिता लिहिता मालवणीत पुटपुटले, "तरीच दादा काल दोनदा विचारी होतो, तक्ते जमा झाले काय रे?"