न खेळता लिहिलेलं

अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर शिंपीणबाई नवऱ्याच्या खबरीसाठी ताटकळत बसल्या होत्या. शेजारी दोघं बोलत होते. एकाची मुलगी आत होती. दुसरा, तरुण, तिनं तयार केलेल्या खेळाबद्दल मासिकात लिहिणारा.

"काय लिहिलंत तुम्ही?"

"काका, एकेकानं पात्र व्हायचं, फासे टाकत गोष्ट रचायची, असा खेळ आहे तो. मी लिहिलं, चित्रं सुरेख, पण नियम किचकट. खेळ रंगत नाही."

"किती वेळा खेळलात?"

"नियमांचं पुस्तक वाचलं फक्त."

"म्हणजे घास न चाखताच आळणी म्हणालात."

"चुकलंच माझं."

"परीक्षणात काय असावं, ते मला कळत नाही. पण तिची आई गेली आणि आमचं दोघांचं बोलणंच खुंटलं. मग तिनं हा खेळ तयार केला. मी नावाडी झालो, ती वाट चुकलेली पोर. नावाडी म्हणून मी तिच्या आईबद्दल पहिल्यांदा बोललो. खेळला असतात तर हे कळलं असतं."

"मी खेळतो, काका. ती बरी झाली की तिच्याशीच. मग नव्यानं लिहितो."

"ती बरी व्हायची नाही. डॉक्टरांनी सकाळीच सांगितलं."

"काका..."

"तुमचं वाचून तिनं पुढचा खेळ अर्ध्यावर टाकला. तिला वाटतं, तुमचंच खरं. अजून शुद्धीत आहे. आत जा आणि सांगा, न खेळता लिहिलं म्हणून."

"कोणत्या तोंडानं सांगू?"

"आत्ता मला सांगितलंत, त्याच."

तरुण उठला. शिंपीणबाईंनी पाय आवरून त्याला वाट दिली.