बिनमाईकचं लग्न

माझं लग्न साधं, शेतातल्या आंब्याखाली करायचं हे ठरवायला आम्हाला दोन मिनिटं लागली आणि ते आप्पांना सांगायला दोन आठवडे. आप्पा माझे थोरले चुलते. डिंगोऱ्यापासून ओतूरपर्यंत लग्न कुणाचंही असो, माईक त्यांच्या हातात. पाहुण्यांची नावं गावासकट घेतात. नाव एकही चुकत नाही, मुहूर्त मात्र चुकतो.

"तूच सांग," एवढं म्हणून वडील विहिरीवरची मोटार चालू करायला निघून गेले.

मी आप्पांच्या पुढ्यात चहा ठेवला. "आप्पा, लग्नात माईक नाहीये."

त्यांनी चहा बशीत ओतला, बशी उचलली, पण तोंडाला लावली नाही. मला वाटलं, झालं. आता हे रुसणार आणि लग्नालाच येणार नाहीत.

"सत्कार?"

"नाही."

"नावं बी घ्यायची न्हाईत? लोकं रुसतील की गं."

"रुसू देत."

"मंग मी करू काय?"

"पहिल्या पंगतीला बसा."

आप्पांनी बशी खाली ठेवली. "आयुष्यभर लोकांच्या लग्नात गार भात खाल्ला," ते आत बघून ओरडले, "ऐकलं का गं, पोरीच्या लग्नात मला गरम मासवडी हाय!"

आतून काकू म्हणाल्या, "आन् मला तुमचं भाशान न्हाई!"