सरांच्या बुद्धासाठी एक नमो मारिया

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या संस्थेचे चेअरमन श्री. व्हिन्सेंट तुस्कानो, व्यासपीठावरचे आदरणीय फादर, मुख्याध्यापिका आल्बिनाबाई, ज्यांच्यासाठी आपण जमलो ते श्रीपत गमरे सर, शिक्षकवर्ग, पापडीतले थोरमोठे, महिला मंडळातल्या माझ्या भगिनी आणि मुलांनो,

मंडळाच्या वतीनं दोन शब्द बोलायला मला उभं केलं आहे. मी वक्ता नाही. मॅट्रिक झाले, लग्न झालं, आणि त्यानंतर मंडळाचा जमाखर्च सोडला तर फारसं काही लिहिलेलं नाही. सरांच्या गळ्यातला हार आमच्या वाडीतल्याच अबोलीचा आहे. ही काटकसर माझी. सरांना ती नवी नाही, कारण आणीबाणी उठली त्या वर्षी ते आमच्या पडवीतल्या खोलीत राहायला आले, ते आजपर्यंत.

अध्यक्षांनी आत्ताच सांगितलं की सर स्वतःच्या इच्छेनं डहाणूकडच्या शाळेत चालले आहेत. त्याकडे मी येते. आधी एक घरचा प्रसंग सांगते, सर रागावणार नाहीत.

खोलीत आल्यावर सरांनी भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली. आमच्या सासूबाई, जुलियानामाय, काठी टेकत बघायला गेल्या.

"हा तुमचा देव का, मास्तर?"

"देव नाही, माय."

"मग संदेष्टा असेल. आमच्यात पुष्कळ झाले."

"संदेष्टाही नाही. संदेष्टा देवाचा सांगावा आणतो. यांनी कुणाचा सांगावा आणला नाही. स्वतः शोधलं आणि लोकांना सांगितलं. वर म्हणाले, मी सांगतो म्हणून मानू नका, पारखून घ्या."

"देव नाही, संदेष्टा नाही, मग त्याच्यापुढे मेणबत्ती कशाला जाळता? फुकट?"

"तुम्ही आजोबांच्या फोटोपुढे लावता, ती?"

"तो माझा दादला होता!"

सर हसले. माय नाही हसल्या. बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "म्हणजे त्याचा हात धरणारा वर कोणीच नव्हता, इझाबेल. बिच्चारा." आणि त्या संध्याकाळपासून आमच्या घरच्या जपमाळेत शेवटी मारियामातेची एक जास्तीची प्रार्थना, एक नमो मारिया, सुरू झाली, मास्तरांच्या बुद्धासाठी. मधल्या फळ्यांच्या भिंतीपलीकडे सरांना ती रोज ऐकू जात असे. त्या वेळी ते रेडिओ बंद ठेवत.

मेणबत्तीचंही सांगून टाकते. देवापुढे आल्तारावर लावलेल्या मेणबत्त्यांची उरलेली टोकं वितळवून मी नवीन करते. त्यातली एक सरांनी मागितली. मेण देवासाठी आणलेलं. ते त्यांना द्यावं का? मी भाविक बाई आहे, मला पेच पडला. अजून पडतो. पण मेणबत्ती मी दिली, आणि दर वेळी दिली.

अशा घरात आमची लिडिया वाढली. यंदा नववीत आहे. जानेवारीत सरांनी वक्तृत्व स्पर्धेला विषय दिला: गौतम बुद्ध संदेष्टा की तत्त्वज्ञ? आपण सगळे या हॉलमध्ये होतो. लिडिया म्हणाली, तत्त्वज्ञाला दुःख समजतं, पण संदेष्ट्याला ते समजल्यावर घरात बसवत नाही. आमच्या शास्त्रातले संदेष्टे मेंढरं सोडून निघाले, बुद्ध राजवाडा सोडून निघाला. मग त्याला वेगळ्या रांगेत का बसवायचं?

टाळ्या किती पडल्या, आठवतं ना? तुम्हीच वाजवल्या होत्या. परीक्षक गमरे सर. त्यांनी तिला दुसरा नंबर दिला.

घरी येऊन पोरगी फणफणली. "सर, मी तुमच्या बाजूनं बोलले!"

"छान बोललीस. पण त्यानं सांगावा कुणाचा आणला, ते सांगितलं नाहीस."

"मला ठाऊक नाही. पण आणला असेल."

"असेल म्हणून नंबर मिळत नाही, बाई," सर म्हणाले. आणि मायनं फळीपलीकडून हाक दिली, "द्या हो तिला पहिला, तुमचं काय जातं?"

भगिनींनो, ही हसण्याची गोष्ट तिथेच संपायला हवी होती. पण पुढच्या रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर क्रुसापाशी आमचे बेसिलभाऊ म्हणाले, "आज पोरी बुद्धाला संदेष्टा म्हणतात, उद्या बाप्तिस्म्याला नको म्हणतील." त्याच आठवड्यात सोपाऱ्याकडचे दोन बौद्ध तरुण सरांना जाब विचारायला आले: आमच्या भगवंतांना पाद्र्यांच्या रांगेत बसवायला तुम्ही मुलींना शिकवता? दोघांना चहा मी दिला. सरांनी दोन्हीकडे एकच सांगितलं, मुलीला विचार करू द्या. ते कुणालाच आवडलं नाही. नंतर संस्थेची बैठक झाली, आणि आता हा समारंभ आहे.

मला विचाराल तर संदेष्टे आमच्या शास्त्रात आहेत तेवढेच. माझी श्रद्धा कुणी हलवलेली नाही, सरांनी तर नाहीच. मला त्रास आहे तो वेगळा. बदलीची बातमी आली त्या दिवसापासून लिडिया जपमाळेला बसते, पण ती शेवटची नमो मारिया आली की उठून मागल्या दारी जाते. परवा पानावर बसली असताना मला म्हणाली, "आई, मी तत्त्वज्ञ म्हटलं असतं तर सर राहिले असते?"

मी म्हटलं, गप्प जेव. सरांना विचारलं, तुम्ही स्वतः बदली मागितली का? सरांनी कप उचलला आणि विहिरीकडे विसळायला गेले. खोटं बोलायचं नसलं की ते असंच करतात.

म्हणून अध्यक्षमहाराज, 'स्वतःच्या इच्छेनं' हे शब्द आपण परत घ्यावेत, एवढी आपल्याला विनंती. आणि सर, आता तुम्ही उत्तराला उभे राहाल. आमचे आभार मानले नाहीत तरी चालेल. लिडिया तिथे दारापाशी, खांबाच्या आड उभी आहे. तिनं काय विचारलं ते तुम्ही ऐकलंत. बुद्ध कोण होता, हे ती सावकाश पारखून घेईल, तुम्हीच तसं शिकवलंत. पण हे दुसरं उत्तर तिला एकटीला शोधायला लावू नका. माझ्या तोंडून ते तिला खरं वाटणार नाही.

खोली रिकामी झाली तरी मायची नमो मारिया चालू राहील, डहाणूला ऐकू येणार नाही एवढंच. मंडळानं मला बोलायची संधी दिली, सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. सभेच्या रीतीला सोडून काही बोलून गेले असेन, तर तो दोष माझ्या पदरात घाला. माझ्या मुलीच्या नको.