तटबंदीवरची पाटी

पालिकेच्या काउंटरसमोरची रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. सहलीच्या परवानगीचा अर्ज घेऊन आलेल्या शाळेच्या बाईंपुढे एक म्हातारा गवंडी आणि त्याची बायको उभी होती. दोघांचं चांगलंच जुंपलं होतं.

“किनाऱ्यावरची तटबंदी बांधली मी, आणि पाटीवर काय लिहितात? ‘युद्धकाळात गवंड्याच्या चुकीमुळे बंदुकांच्या खिडक्या समुद्राऐवजी गावाकडे झाल्या.’ चूक म्हणे!”

“अहो, ही चौथी खेप. माझ्या पायांचे तुकडे पडले. असू दे की चूक.”

“अगं, चाळीस वर्षांत एक खिडकी चुकली नाही माझी. बांधकामावरच्या लष्करी साहेबाला दोनदा विचारलं मी, तोंड गावाकडे कसं?”

“हळू बोला.”

“तर म्हणाला, शत्रू येईल तेव्हा येईल. आधी आपलीच माणसं होड्या घेऊन सरहद्दीपलीकडे पळतायत, त्यांना अडवायचंय.”

“सगळ्या गावाला ठाऊक आहे ते!”

“मग पाटीवर का नाही?”

“माझा भाऊ होडीकडेच पळत होता ना? आई जाईपर्यंत तिला सांगत आले मी, गोळी चुकून लागली. सांगता सांगता मलाही ते खरं वाटायला लागलं. आता तेवढंही काढून घ्या माझ्याकडून!”

म्हाताऱ्यानं हातातला तक्रारीचा अर्ज घडी घालून खिशात ठेवला.

“पुढे या, आजोबा,” कारकून म्हणाला. “काय तक्रार आहे?”

“तटबंदीवरची पाटी जरा वाकडी लागलीय,” म्हातारा म्हणाला. “तेवढी सरळ करा.”