मस्टरवरची तारीख

जानकी : सही करणार नाही म्हटलं ना एकदा.

डॉक्टर : अगं, नुसती सही. तुझ्या नावापुढे. चार वाजता गुमास्ता कायद्याचा इन्स्पेक्टर येतोय, नोकरांच्या नोंदी तपासायला. त्याला मस्टर दाखवायचा, तो चहा पिऊन जाणार. संपलं!

जानकी : माझ्या नावापुढे कामाला लागल्याची तारीख काय लिहिलीय, ती वाचा आधी.

डॉक्टर : एक जून.

जानकी : साल पण वाचा.

डॉक्टर : शहाऐंशी. बरं मग?

जानकी : आज जुलै शहाऐंशी. म्हणजे मी दीड महिन्यापूर्वी आले होय? बोरिवलीत हा दातांचा दवाखाना उघडला त्या दिवशी ह्या खुर्चीचं प्लास्टिक कोणी काढलं? वहिनी, तुम्ही खुर्चीला हळदकुंकू लावलंत आणि म्हणालात, जानकी, आधी तू बस, शकुन म्हणून. पेशंटच्या आधी मी बसलेय हिच्यात. पंच्याहत्तर साली!

नीला : कोण नाही म्हणतंय गं? डॉक्टरांना विचार, मी त्यांना नेहमी सांगते, जानकी आपल्या घरचीच आहे. घरच्या माणसाला कागद कशाला लागतात?

जानकी : गणपतीला गावी जायला चार दिवस मागितले की मी नोकर, आणि कागद मागितला की घरची! बँकेत खातं उघडायला गेले तर तो माणूस म्हणतो, कुठे काम करता ते लिहून आणा. डॉक्टर म्हणाले, आणतो टाइप करून. आणलंत?

डॉक्टर : आवाज खाली. बाहेर पेशंट बसलेत.

जानकी : पेडणेकर काकी बसल्यात. त्यांचं कार्ड मी लिहिलंय, अठ्ठ्याहत्तर साली. त्या कपाटातलं प्रत्येक कार्ड माझ्या अक्षरात आहे. ती काय जाळणार आहात?

डॉक्टर : हे बघ, तुला कायद्यातलं काही कळत नाही. मस्टर पहिल्यापासून ठेवायला हवा होता, राहून गेला. आता अकरा वर्षांची नोकरी दाखवली तर तो विचारणार, हिची रजा कुठे, आठवड्याची सुट्टी कुठे. रविवारी सकाळी दवाखाना का उघडा? माझी वाट लागेल!

जानकी : लागू दे की! रविवारी सकाळी उकळत्या पाण्यातून तुमची हत्यारं मी काढत होते.

नीला : एवढं तोंड कुठून आलं गं तुला? तुझ्या लेकीला, सुहासिनीला, शाळेत कोणी घातलं, विसरलीस?

जानकी : नाही विसरले. म्हणून तर आजवर तोंड मिटून होते.

नीला : मग आजच काय झालं? तारखेने काय फरक पडतो? पगार तोच, काम तेच. वकील म्हणाले म्हणून तसं लिहिलं. ते म्हणाले, तिच्या त्या बोटाचं उद्या काही निघालं तर जुनी तारीख आपल्याला...

डॉक्टर : नीला!

नीला : काय झालं? मी काय बोलले?

(बाहेरच्या बाकावर कोणीतरी खोकतं.)

जानकी : माझ्या बोटाचं वकिलाला काय?

डॉक्टर : काही नाही. ती उगाच काहीतरी...

जानकी : इकडे बघा. माझ्याकडे नको, बोटाकडे बघा. दोन महिने तुम्हाला दाखवतेय. नख काळं पडलं, बाजूची कातडी फाटली, भरून येत नाही. तुम्ही म्हणालात, साबणाने झालंय, हळद लाव. मी लावली! आणि तुम्ही उठून वकिलाकडे गेलात?

डॉक्टर : मी दातांचा डॉक्टर आहे, कातडीचा नाही.

जानकी : कातडीच्या डॉक्टरकडे मी परवा जाऊन आले, कांदिवलीला. त्यांनी विचारलं, काम काय करता? म्हटलं, दातांच्या दवाखान्यात असते. लगेच म्हणाले, एक्स-रेची फिल्म पेशंटच्या तोंडात कोण धरतं? म्हटलं, मीच. ह्याच बोटाने. मग म्हणाले, हे एक्स-रेच्या किरणांनी झालंय, किती वर्षं धरताय? आणि तुम्ही मस्टरवर लिहिताय एक जून! म्हणजे हे बोट दुसऱ्याच कुणाच्या दारात सडलं. तुमच्याकडे तर बाई कालची आली!

नीला : अहो, मला तर तुम्ही म्हणालात साबणाची ॲलर्जी आहे.

डॉक्टर : तू मध्ये बोलू नकोस. आणि जानकी, सगळ्या दवाखान्यांत हेच चालतं. असिस्टंटच फिल्म धरते.

जानकी : आणि सगळीकडे डॉक्टर दाराबाहेर उभा राहतो? बटणाची वायर ओढून तुम्ही दाराआड, आणि मी आत, तोंडात बोट घालून! माका वाटायचा, डॉक्टर पेशंटाच्या माणसांशी बोलूक बाहेर जातत. खुळी मी!

डॉक्टर : बरं, झालं ते झालं. आजपासून फिल्म पेशंट स्वतः धरेल. मिटलं?

जानकी : पेशंटला स्वतःला धरता येते?

डॉक्टर : येते ना. त्याचा एक्स-रे वर्षातून एखादा, त्याला काय होतंय?

जानकी : मग इतकी वर्षं मी कशाला?

डॉक्टर : पेशंटचा हात हलतो. फोटो बिघडतो, फिल्म फुकट जाते.

जानकी : फिल्म फुकट जाते म्हणून.

नीला : जानकी, बस जरा. मी पाणी आणते तुला.

जानकी : पाणी नको वहिनी. तुमचं पेन द्या.

नीला : हे घे. अगं... अगं, काय करतेस? सगळं खोडलंस!

जानकी : चौदा मार्च एकोणीसशे पंच्याहत्तर. आता करते सही. ही घ्या.

डॉक्टर : उद्यापासून कामावर यायचं नाहीस तू. कळलं?

जानकी : ते चार वाजता इन्स्पेक्टरसमोर सांगा. तोवर मी इथेच आहे, आणि मस्टर माझ्या पिशवीत.

डॉक्टर : आणि बाहेरच्या पेशंटचं काय?

जानकी : त्यांनी काय केलंय? पेडणेकर काकी, या आत. आधी बेसिनवर हात स्वच्छ धुवा. आज फिल्म तुमची तुम्हीच धरायचीय.