ह्यात ओठ दिसतोय

मंडळी, ऐका. आज मी चिडलोय, आधीच सांगून ठेवतो. मला एक सांगा, देवानं दिलेल्या तोंडात दुरुस्ती करायचा अधिकार आईबापाला कुणी दिला? नाही, माना नका हलवू. माना तुम्ही दरवर्षी कीर्तनात हलवता.

हल्लीची पोरं फोटो कसा काढतात, बघितलंय? हनुवटीला मूठ लावून! अरे, दाढ दुखतीय का तुझी? आणि लग्नात तर कहर. फोटोवाला म्हणतो, "ताई, माझ्याकडे बघू नका, सहज हसा... नाही जमलं, परत एकदा सहज हसा." आता सहज ते परत कसं होणार, तुम्हीच सांगा!

असो. निमगावात विश्वंभर गुंड म्हणून एक गृहस्थ. सज्जन माणूस, एकादशी न चुकवणारा. त्यांना एकुलता एक मुलगा, हर्षद. पोराचा वरचा ओठ जन्मतःच फाटलेला. लहानपणी टाके घातले, ओठ जुळला, व्रण राहिला. राहू दे की! जेवता येतं, बोलता येतं. पण विश्वंभररावांना ते सोसेना. फोटो काढायला नेलं की स्टुडिओवाल्याला आधी सांगायचे, "तेवढं ओठाचं बघा." आणि तो बघायचा! घरातल्या प्रत्येक फोटोत ओठ गुळगुळीत. पोरगं शेजारी उभं राहून सगळं ऐकायचं, मंडळी.

अठराव्या वाढदिवसाला बापानं हौसेनं चौकात बॅनर लावला. काळा चष्मा, कानाला फोन, ओठ चकचकीत. कॉलेजची पोरं खाली उभी राहून विचारतायत, "हा कोण रे नवीन?" हर्षदनं ऐकलं. त्या दिवशी तो घरी आलाच नाही.

बाप चौकीत गेला फोटोंचा ढीग घेऊन. हवालदार म्हणाला, "काका, हे सगळे सिनेमातले वाटतात. पोरगं दिसतं कसं, ते दाखवा." आणि काय सांगू, अख्ख्या घरात पोराचा एक खरा फोटो नाही!

तेव्हा त्याची आई, सुमित्राबाई, भाचीकडे गेली. भाचीच्या लग्नात हर्षद पंगतीत बुंदी वाढत होता, आणि कुणीतरी ते मोबाईलवर उगाच टिपलं होतं. पोरगं घामाघूम, हातात बादली, एका आजोबांना आग्रह करत तोंडभर हसतंय. ओठावरचा व्रण स्पष्ट. बाई म्हणाली, "हाच पाठवायचा."

पोरगं चार दिवस घरात नाही, आणि बाप काय म्हणाला असेल? "अगं, ह्यात ओठ दिसतोय."

कपाळ बडवावं की नाही? त्या माउलीनं मात्र जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला सुनावलं, "दिसू द्या. ह्याच ओठात मी चमच्यानं थेंब थेंब दूध घातलंय. लाज वाटत असेल तर तुम्ही घरात बसा."

फोटो गावोगाव फिरला. लांबच्या एका देवस्थानच्या अन्नछत्रातून फोन आला, "हा मुलगा आमच्याकडे वाढायला आहे. जेवताना तोंडावरचा रुमाल काढला, तेव्हा ओळखला." विश्वंभरराव धावले. बघतात तर पोरगं तोंडाला रुमाल बांधून वरण वाढतंय.

"मला ओळखलं कसं कुणी?" हर्षदनं विचारलं. बापानं मोबाईल पुढे केला. पोरानं वरणाची बादली खाली ठेवून बघितलं.

"हा दाखवलात? सगळ्यांना?"

"सगळ्यांना."

"लाज नाही वाटली?"

"वाटली," बाप म्हणाला. "पण ओठाचं कुणी विचारलंच नाही रे. जो तो म्हणाला, किती मोकळं हसतंय पोरगं. आणि मी बाप असून ते कधी बघितलंच नव्हतं." बोलता बोलता विश्वंभरराव तिथंच, पंगतीत, रडायला लागले.

पोरगं परत आलं, मंडळी. सगळ्यांचं येतं असं नाही.

आता टाळ उचलू नका. थांबा. आधी घरी जा, आणि आपलं पोरगं बघा. नाक नकटं, दात पुढे, रंग सावळा, असेल तसं बघा. "तू दिसतोस तसाच मला हवायस," हे त्याला कधी सांगितलंत? नाही ना? मग कसलं देवाचं नाव घेताय! जा, ते सांगून या. भजन उद्या करू.